बटणबहाद्दरास खुले पत्र

बटणबहाद्दरा,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो आणि त्याचं ॲडमिन पान तू बांधलंयस. पान देखणं आहे. मालकाने लॉगिन केलं की 'ॲप्लिकेशन काढून टाका' हे लाल बटण दिसतं, सुपरवायझरने केलं की दिसत नाही. एवढं दाखवून तू छाती फुगवून सांगितलंस की अधिकारांची व्यवस्था झाली. काय झाली बे? सुपरवायझरच्याच लॉगिनने, ब्राउझर बाजूला ठेवून, मी तीच विनंती कर्लने थेट चाचणीच्या सर्व्हरला पाठवली. ऑर्डरींचं अख्खं ॲप्लिकेशन क्षणात खाली आलं. सर्व्हरने "तुला अधिकार आहे का?" एवढंही विचारलं नाही.

सर्व्हरपाशी येणारी विनंती तुझ्या पानावरूनच येईल, हे तुला कोणी सांगितलं? ती कुठूनही येते. पत्ते शोधायचेही कष्ट नाहीत. ॲप्लिकेशनांची यादी, चालू सेशन, मेमरी, डेटासोर्स, सगळ्या एंडपॉइंटांचे पत्ते तुझ्या जावास्क्रिप्टच्या फायलीत ओळीने लिहिलेत आणि ती फाईल लॉगिनच्या पानाबरोबरच उतरते. डेटासोर्सची माहिती मागितली, तर जेसनमध्ये डेटाबेसचा पासवर्डही सरळ अक्षरांत आला. पडद्यावर मात्र तू त्या जागी ठिपके काढलेस. म्हणजे ते गुपित आहे हे तुला पक्कं ठाऊक होतं! म्हणूनच याला मी चूक म्हणत नाही, हलगर्जीपणा म्हणतो.

तुझ्या आधी मोठमोठे यात पडलेत, निदान त्यांचं वाचायचंस. जेबॉस सर्व्हरच्या जेएमएक्स या ॲडमिन कन्सोलवर पहारा होता, पण कॉन्फिगरेशनमध्ये तो फक्त गेट आणि पोस्ट या दोन पद्धतींना लावलेला. कोणी हेड पद्धतीने विनंती केली की पहारेकऱ्याचा संबंधच उरत नसे. हेडमध्ये उत्तराचा मजकूर परत येत नाही, पण आतलं काम पूर्ण होतं, आणि हल्लेखोराला काम झाल्याशी मतलब. एप्रिल २०१० मध्ये ही फट बुजवली गेली. तरी जुने जेबॉस सर्व्हर तसेच चालू राहिले आणि २०१६ साली सॅमसॅमच्या खंडणीखोरांनी अशाच सर्व्हरांवाटे रुग्णालयांच्या नेटवर्कमध्ये प्रवेश केला. वेबलॉजिक सर्व्हरचं तेच. चित्रांच्या फोल्डरला लॉगिन लागत नसे. पत्त्यात थोडी अक्षरं फिरवून त्याच वाटेने थेट कन्सोल गाठता येत होता. हे २०२० चं, फार जुनं नाही.

टॉमकॅटवाले शिकले. त्यांच्या मॅनेजरमध्ये माणसाने वापरायच्या पानाची भूमिका वेगळी, स्क्रिप्टने वापरायच्या एंडपॉइंटची वेगळी, नुसती स्थिती बघणाऱ्याची त्याहून वेगळी. पहिल्या दोन एकाच खात्याला देऊ नका, असं त्यांची कागदपत्रं बजावतात. कारण स्क्रिप्टच्या वाटेवर बनावट विनंती ओळखणारा टोकन नसतो. नव्या आवृत्त्यांत मॅनेजर मुळातच त्या यंत्राबाहेरून उघडत नाही. तू काय केलंस? आपल्या टॉमकॅटवरची ती मर्यादा काढलीस आणि एकाच खात्याला सगळ्या भूमिका दिल्यास. वर त्यांच्या चूक-पानावर नमुना म्हणून छापलेला पासवर्ड जसाच्या तसा उचललास, जो हल्ल्याच्या प्रत्येक अवजाराला तोंडपाठ आहे.

"पण आपण फायरवॉलच्या आत आहोत," हे तुझं उत्तर मला माहीत आहे. आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी खंदक, आणि तरीही बांधणाऱ्यांनी आत दुहेरी तट उभा केला. कारखान्यातला एक संगणक एका खोट्या मेलला भुलला की तुझी फायरवॉल मागे पडली. मग तुझे एंडपॉइंट आणि हल्लेखोर, मध्ये कोणी नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ आठव. तिथली वाट वेगळी होती: बँकेच्या खऱ्या यंत्रणेला वळसा घालून एक बनावट स्विच पैसे काढायच्या विनंत्यांना होकार देत राहिला. पण दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले, त्यातले बहुतेक न तपासता दिलेल्या होकारांनीच. तुझा सर्व्हर आज प्रत्येकाला तसाच होकार देतोय, आणि त्याच्यामागे लूमवरच्या माणसांचे पगार आहेत.

तेव्हा आता बस आणि काम कर. प्रत्येक एंडपॉइंटवर आधी ओळख, मग अधिकार, दोन्ही गोष्टी सर्व्हरवर तपास. पद्धत गेट असो, हेड असो की डिलीट. जे स्पष्ट मंजूर नाही ते नाकार. गुपितं उत्तरात घालूच नकोस. बदल घडवणारी कामं गेटवर ठेवू नकोस. कोणी काय मागितलं त्याची नोंद ठेव. मग सुपरवायझरच्या खात्याने स्वतः कर्ल घेऊन एकेका पत्त्यावर धडक मार. जिथे ४०३ यायला हवा तिथे एकदा जरी २०० आला, तरी तो सर्व्हर मी कारखान्याला जोडणार नाही.

सर्व्हर सांभाळणारा,
सोलापूर