माणशी अडुसष्ट

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या सात मजली इमारतीला लिफ्ट बिल्डरने दिली. लिफ्टला अण्णा कुणी दिले, ते कळायला मार्ग नाही. माणसाचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, जॉबर होते. निवृत्तीनंतर कानांना काम उरलं नाही, तेव्हा ते त्यांनी लिफ्टला लावले. सकाळी सातला तळमजल्यावर खुर्ची टाकून बसतात आणि पाचव्या मजल्यावर दार नीट लागलं नाही हे खालून ओळखतात.

लिफ्टमध्ये पाटी आहे : सहा माणसे, ४०८ किलो. अशा पाट्या वाचायच्या नसतात, असा सर्वसाधारण समज. अण्णांनी मात्र भागाकार केला. माणशी अडुसष्ट. तेव्हापासून पहिल्यांदाच घरी आलेल्या विहीणबाईंनासुद्धा दारात प्रश्न येतो, "अक्का, वजन किती ओ तुमचं?" ज्वारीचं पोतं घेऊन कुणी आलं तर निकाल ठरलेला : "पोतं जाऊ द्या वर. तुम्ही या की जिन्यानं."

त्यांचा खरा सिद्धांत रिकाम्या लिफ्टचा. दोराच्या दुसऱ्या टोकाला जे वजन असतं ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड. म्हणून ती वर आपसूक जाते, खाली आणायला मोटरला जोर लावावा लागतो. हे शास्त्र अगदी खरं आहे. त्यातून अण्णांनी काढलेला नियम मात्र असा : खालून बटण दाबून रिकामी लिफ्ट बोलवायची नाही. वरून कुणी उतरेपर्यंत थांबायचं. कुणी वाद घातलाच, तर ते महाराष्ट्राचा २०१७चा लिफ्टचा कायदा काढतात. त्यात हा नियम नाही, पण तो वाचलाय कुणी?

एक मान्य करायला हवं. वीज गेली की लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडते. हे यंत्र अण्णांनी सभेत घसा कोरडा करून बसवून घेतलं. एप्रिलातल्या सोलापुरात बंद लिफ्टमध्ये अडकणं काय असतं, हे ज्याला कळतं त्याने त्यांच्या पाया पडावं.

पण आग लागली तर लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नसतं. उतरायचं ते जिन्यानेच. आणि आमचा जिना म्हणजे सामायिक अडगळ. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर पिंप. शिवाय सायकली, चपलांची कपाटं, मोडका पाळणा. त्यात गवंड्याने तिसऱ्या मजल्याची शेवटची पायरी बोटभर उंच केलेली. दोन पायऱ्यांत पायाला ताल कळतो आणि तो पुढचं बघत नाही, त्यामुळे ठेच तिथेच. लिफ्टच्या स्क्रूपर्यंत ठाऊक असलेले अण्णा जिन्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. जिन्यातलं सर्वांत मोठं निळं पिंप त्यांचंच आहे.

कधी आमच्याकडे येणार असाल, तर आधी वजन करून या. जिन्याने येणार असाल, तर दुसऱ्या मजल्यावर उजव्या हाताने या; पिंप डावीकडे आहे.