बशी गेली, झाकण आलं

मीटिंग सकाळी दहाची असते. सव्वादहाला दार ढकललं जातं. आधी कप आत येतो, त्याच्यामागून माणूस. "सॉरी सॉरी, बाणेरला काय ट्रॅफिक आहे आज!" असं म्हणत तो खुर्ची ओढतो, तेव्हा कपाच्या झाकणावरच्या भोकातून वाफ निघत असते. म्हणजे ज्या गृहस्थाला ट्रॅफिकने हलू दिलं नाही, त्याला वाटेत गाडी लावायला जागा मिळाली, रांगेत उभं राहता आलं, दूध गाईचं की बदामाचं हे ठरवता आलं आणि कप हातात पडेपर्यंत थांबताही आलं. कोर्टात हा कप मुद्देमाल म्हणून दाखल झाला, तर आरोपी सुटणं अवघड. ऑफिसात मात्र तो त्याच कपामुळे सुटतो. रिकाम्या हाताने उशिरा येणारा आळशी ठरतो, कॉफी घेऊन उशिरा येणारा बिझी.

उशिराचं एक वेळ सोडून देऊ. पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. टेबलाभोवती आठ माणसं असतात आणि हा एकटा घुटके घेत असतो. "तुम्ही घेणार का?" हा प्रश्न त्याच्या मनालाही शिवत नाही.

दुसऱ्यासमोर एकट्याने खाऊ-पिऊ नये हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नसे. सिंहगड एक्स्प्रेसमध्ये डबा उघडणारा माणूस समोरच्या अनोळखी प्रवाशाला "घ्या ना" म्हणतो. समोरचा "नको नको, आत्ताच झालं" म्हणतो. कोणीच काही देणार-घेणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी हा संवाद पार पडल्याशिवाय पोळीचा पहिला घास घशाखाली उतरत नाही. खोटा का असेना, आग्रह झाला पाहिजे.

चहाच्या बाबतीत तर ही सोय भांड्यातच केलेली होती. कप एकाचा, बशी दुसऱ्याची. इराण्याकडे एक चहा मागवून दोन मित्र तासभर जगाचे प्रश्न सोडवायचे आणि गल्ल्यावरचा शेठ नुसता बघत राहायचा. मुंबईने त्यावर कडी केली आणि कटिंग काढलं. ग्लास अर्धाच भरायचा, कारण उरलेला अर्धा कोणाचा तरी आहे हे गृहीतच. बशीतून फुर्र करून पिणाऱ्यांना पाहून सभ्य लोक नाकं मुरडत आणि तो आवाज खरोखरच भयंकर असे. पण त्या बशीत दुसऱ्या माणसाला जागा होती. कागदी कपाला बशी नाही. त्याला झाकण आहे, आणि झाकलेल्या वस्तूबद्दल कोणी कोणाला विचारत नसतं.

हे झाकण साधंसुधं समजू नका. अमेरिकेत जॅक क्लेमेंट्स नावाच्या गृहस्थांनी चालता चालता पिण्यासाठी ते बेतलं. 1986 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. फेस चेपू नये आणि पिणाऱ्याचं नाक टेकू नये म्हणून ते वर उचललेलं असतं. म्हणजे नाक वर करून पिण्याची सोय मुळातच आहे. आपले लोक ती फक्त मनापासून वापरतात.

खुद्द कागदी कप तर परोपकारातून जन्मला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रेल्वेगाड्यांत, शाळांत पाण्याच्या पिंपापाशी एकच पेला ठेवलेला असे आणि सगळे त्यातूनच पीत. त्यातून रोग पसरतात म्हणून बोस्टनच्या लॉरेन्स लुएलेन यांनी 1907 मध्ये कागदी पेला काढला. 1909 मध्ये कॅन्ससने सार्वजनिक ठिकाणच्या सामाईक पेल्यावर बंदीच घातली. माझ्यामुळे दुसऱ्याला त्रास नको, इतका सभ्य विचार त्या कागदाच्या घडीत होता.

आपल्याकडे कपाचा इतिहास याहून कडू आहे. कित्येक गावांत हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळ्या कपबशा ठेवलेल्या असत आणि पिणाऱ्याने त्या स्वतःच विसळून ठेवायच्या असत. तिथे तरी या कागदाने समता आणायला हरकत नव्हती. एकदा वापरला, फेकला, कोणाचा ते विचारायचं कारण उरलं नाही. पण आपण काही कच्च्या गुरूचे चेले नाही. टपरीचा पांढरा कागदी कप घेऊन टॉवरच्या लॉबीत शिरणाऱ्याला वॉचमन विचारतो, "किधर जाना है?" स्टारबक्सच्या हिरव्या जलपरीचा कप घेऊन शिरणाऱ्याला तोच वॉचमन दार उघडून देतो. कप वेगळा ठेवायची आपली जुनी सवय कागदानेही मोडली नाही.

यावर कपधारी मंडळींचं उत्तर ठरलेलं: वेळ नाही हो, बसून प्यायला वेळ कोणाकडे आहे? ही थाप आहे. इटलीतला घाईचा माणूस बारपाशी उभा राहतो, चिनीमातीच्या इवल्याशा कपातली एस्प्रेसो दोन-तीन घोटांत संपवतो आणि चालू लागतो. आपल्या अमृततुल्यातही तेच. उभं राहायचं, जीभ भाजून घ्यायची, ग्लास ठेवायचा, निघायचं. माटुंग्यात फिल्टर कॉफीचा स्टीलचा पेला आणि त्याखालची वाटी इतकी तापलेली असते की ती घेऊन फुटपाथवर निघण्याची कोणाची छाती नाही. घाईच्या माणसाचं पेय असं असतं. टेकअवेवाला आधी पंधरा मिनिटं रांगेत घालवतो आणि मग तासभर कप बरोबर हिंडवतो: मीटिंगमध्ये, पार्किंगमध्ये, बँकेच्या काउंटरवर, एटीएमच्या डोक्यावर. खरी घाई असलेला माणूस एक पेय तासभर पीत नाही. आतली कॉफी केव्हाच गार झालेली असते, पण कप चालूच असतो.

2012 च्या ऑक्टोबरात हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं देशातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा मुंबईकरांनी आत जायला रांगा लावल्या होत्या. घर ही पहिली जागा, ऑफिस दुसरी आणि निवांत बसायची ही तिसरी, असं त्या कंपनीचं तत्त्वज्ञान. लोकांनी ते फारच मनावर घेतलं. आता ते तिसरी जागा हातात धरून पहिल्या दोन जागांमध्ये हिंडतात.

आणि काउंटरवरचं वागणं! आपला नंबर येईपर्यंत रांगेत फोनवर बोलायचं आणि नंबर आल्यावर जास्त मोठ्याने बोलायचं. समोरच्या मुलाने "गुड मॉर्निंग" म्हटलं की त्याला तर्जनी दाखवायची. या तर्जनीचा अर्थ 'एक मिनिट थांब' असाही होतो आणि 'एक कॅपुचिनो' असाही. कोणता ते त्या मुलाने ओळखायचं. मागे सहा माणसं ताटकळतात. परभणीहून किंवा इंफाळहून आलेल्या त्या मुलाला हसणं सक्तीचं, गिऱ्हाइकाचं नाव विचारणं सक्तीचं, ते कपावर लिहून खणखणीत आवाजात पुकारणंही सक्तीचं. त्याचं स्वतःचं नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ते वाचण्याची सक्ती मात्र कोणावर नाही. इराण्याच्या हॉटेलात भिंतीवर पाटी असायची: केस विंचरू नयेत, मोठ्याने बोलू नये, विनाकारण बसू नये. गिऱ्हाईक देव वगैरे नसून एक संशयित इसम आहे, ही त्यामागची भूमिका. त्या संशयाखाली माणसं बऱ्यापैकी सरळ वागत.

कप घेऊन माणूस बाहेर पडला की दुसऱ्या हातात फोन येतो आणि शिष्टाचाराला लागणारे दोन्ही हात संपतात. नमस्काराला दोन लागतात. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला दोन लागतात, शिवाय कंबर वाकवावी लागते आणि वाकलं की झाकणातून सांडतं. लिफ्टचं बटण कोपराने दाबलं जातं. कोपराला गूळ लावण्याचा प्रकार जुना, हल्ली कॅरामल लागतं. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन धापा टाकत येणाऱ्या काकूंसाठी दार धरावं असं त्याला वाटतं, वाटत नाही असं नाही. पण तो दोन्ही हात दाखवतो आणि ओशाळं हसतो. तोवर दार मिटतं. बालगंधर्वला तिसरी घंटा झाल्यावर हाच माणूस अंधारात अकरा जोडी गुडघ्यांवरून आपल्या खुर्चीकडे जातो आणि ज्याच्या पँटवर थेंब पडतो त्यालाच म्हणतो, "केअरफुल!" वैकुंठ स्मशानभूमीत खांदा द्यायची वेळ आली की तो शेजारच्याला कुजबुजतो, "जरा धर, सांडू नकोस."

मग कधीतरी कप संपतो. संपतो म्हणजे तळाशी दोन बोटं दुधाळ गाळ शिल्लक असताना मालकाचा त्यातला रस संपतो. त्यानंतर तो कंपाउंडच्या भिंतीवर, विजेच्या डीपीवर, दुसऱ्याच्या स्कूटरच्या पायठेवणीवर प्रतिष्ठापित होतो. पुणेकरांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. त्यांच्यासमोर हा कप म्हणजे चालतंबोलतं कोडं आहे. गाळ ओला, बाहेरची पट्टी पुठ्ठ्याची, झाकण प्लॅस्टिकचं, आणि कप कागदाचा असूनही आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावलेला. हे अस्तर सुटं करणं सोपं नसल्यामुळे रद्दीवाला त्याला हात लावत नाही. तो उचलते 'स्वच्छ' संस्थेची कचरावेचक ताई. तिचा हात मात्र रिकामा असावा लागतो. 1 जुलै 2022 पासून केंद्राने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आणली. त्यात स्ट्रॉ गेली, ढवळायची काडी गेली. झाकणाचं नाव त्या यादीत नव्हतं. ते अजून नाक वर करूनच आहे.

सुशिक्षितांनी यावर उपाय काढला: स्वतःचा स्टीलचा कप. कल्पना चांगली, आकार वाईट. सव्वा लिटरचं ते पात्र, त्याला मूठ, मुठीला स्ट्रॉ आणि मालकाला भाषण. टेबलावर ठेवलं की पलीकडचा माणूस दिसेनासा होतो. मालक त्यातून पाऊण तास पितो आणि पिता पिता आपल्याला पृथ्वीची काळजी घ्यायला सांगतो. "तुम्ही घेणार का?" हे तोही विचारत नाही, कारण स्ट्रॉ एकच असते.

लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ छापतात. परवा एका यजमानांनी तिच्यात दुरुस्ती केली: 'कृपया आहेर व कॉफी आणू नये.' लोकांनी निम्मी सूचना तंतोतंत पाळली. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षतांचं ताट फिरलं, तेव्हा कोणाचाच हात रिकामा नव्हता. मग एका हुशार तरुणाने फोन खिशात घातला, झाकण काढलं, उलटं केलं आणि अक्षता त्यात घेतल्या. बघता बघता सगळ्या हॉलने झाकणं उघडली. गुरुजी "सावधान" म्हणाले, झाकणं हवेत फिरली आणि निम्म्या अक्षता पुढच्या रांगेतल्या उघड्या कपांत पडल्या. "माझ्या लाटेत तांदूळ कोणी टाकले?" यावरून वरपक्ष आणि वधूपक्षात जी जुंपली, ती सुटेपर्यंत मुहूर्त टळून गेला होता.