नवशिक्यांची सर्वसाधारण सभा

गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा विषय ठरलेला असतो : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. गच्चीची गळती, पार्किंगची भांडणं आणि भटकी कुत्री हे या विषयाचे पिढीजात मानकरी. गेल्या दिवाळीत आमच्या कमिटीपुढे त्यात एक नवा मानकरी दाखल झाला, तो म्हणजे सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, अशा अर्थाची सूचना त्याच्या पडद्यावर येऊ लागली होती. सेक्रेटरींनी ती सभेत वाचून दाखवली. खजिनदारांनी पहिलाच प्रश्न केला, “आधार संपला म्हणजे? पॅनशी लिंक करायचं राहिलं का?”

२०१५ साली विंडोज १० आलं, तेव्हा ही विंडोजची शेवटचीच आवृत्ती, असं कंपनीच्याच एका माणसाने व्यासपीठावरून सांगितलं होतं. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला यात काही नवल वाटायचं कारण नाही. ‘निरोपाचे शेवटचे काही प्रयोग’ ही जाहिरात वाचून तिकीट काढायचं आणि पुढच्या वर्षी त्याच नाटकाचं तिकीट पुन्हा काढायचं, ही आपली जुनी सवय आहे. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलंच. फरक इतकाच, की नाटकवाले प्रेक्षकाला ‘तुमचा चष्मा जुना आहे, नवा घेऊन या’ असं सांगून दारातून परत पाठवत नाहीत. विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा निघाला. कॉम्प्युटर उत्तम चालत होता, पण घराणं दोन पिढ्यांनी कमी पडलं.

मग नेहमीची चर्चा झाली. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा तर तीन कोटेशनं मागवा, आणि कोटेशनं मागवायची म्हणजे कुणाचा तरी मेहुणा आलाच. एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर मुलगा, जो खरं तर मेंटेनन्सची पावती न्यायला आला होता, दारातूनच म्हणाला, “काका, लिनक्स टाका ना. उबुंटू. फुकट आहे आणि एकदम सोपं आहे.”

‘फुकट’ हा शब्द उच्चारला गेल्यावर आमच्या कमिटीत पुढची चर्चा होत नाही. सूचक खजिनदार, अनुमोदक अध्यक्ष, ठराव सर्वानुमते मंजूर. आपण नेमकं काय मंजूर केलं, हे एकालाही माहीत नव्हतं. पण इतिवृत्तात ‘सखोल चर्चेअंती’ असं लिहिलं गेलं.

उबुंटू फुकट आहे हे खरं. लिनक्सचा गाभा फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. २००२ साली स्वखर्चाने अंतराळात जाऊन आलेल्या मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने त्यावर आधारलेलं उबुंटू २००४ मध्ये आणलं. पुढे बरीच वर्षं उबुंटूची सीडी मागितली की पोस्टाने घरपोच फुकट यायची. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या होस्टेलांत त्या सीड्यांचे ढीग होते. चहाचा कप ठेवायला त्या फार सोयीच्या पडत. एप्रिल २०२४ च्या आवृत्तीचं नाव ‘नोबल नम्बॅट’, म्हणजे थोर नम्बॅट. नम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला वाळवी खाणारा प्राणी. हे कळल्यावर अध्यक्षांनी, तळमजल्यावरच्या मीटर-रूममध्येही तो बसवता येईल का, अशी आस्थेने चौकशी केली.

आता मूळ दुखण्याकडे येतो. महाराष्ट्रात कॉम्प्युटर येत नाही असा सुशिक्षित माणूस शोधून सापडायचा नाही. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटी आलं आणि गावोगावी, तालुक्या-तालुक्याला क्लास निघाले. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते किंवा तत्सम प्रमाणपत्र लागू लागलं आणि लाखो लोकांनी ते लॅमिनेट करून कपाटात ठेवलं. आमच्या सात जणांच्या कमिटीतही पाच प्रमाणपत्रं आहेत. पण या पाचही जणांचं ज्ञान एका वाक्यात मावतं : डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्ट असतं, तिथे क्लिक करायचं. आपण कॉम्प्युटर शिकलो नाही, बटणांच्या जागा पाठ केल्या. पाढे पाठ केले तर ते जन्मभर पुरतात, कारण सात सक्कं कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही. बटण आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये ते स्टार्ट डाव्या कोपऱ्यात बसलं, २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते काढूनच टाकलं, जगभर बोंबाबोंब झाल्यावर वर्षभरात परत आणून ठेवलं आणि २०२१ मध्ये उचलून मधोमध नेलं. दर वेळी वीस-वीस वर्षांचे अनुभवी लोक एका रात्रीत पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. त्यात त्यांची चूक फार नव्हती. त्यांना जे शिकवलं होतं तेवढंच बदललं होतं.

उबुंटूत तर डावा कोपराच परका. तिथे एक उभी पट्टी असते आणि तिच्या पायथ्याशी एक चिन्ह. ते दाबलं की सगळे प्रोग्रॅम समोर येतात. हे कळेपर्यंत सेक्रेटरींनी पट्टीवरच्या प्रत्येक चित्रावर दोनदा टिचकी मारून सोळा खिडक्या उघडल्या होत्या.

पण खरा हादरा बसला तो रिफ्रेशचा. हा विधी बाहेरच्यांना समजावून सांगणं कठीण आहे. भारतीय माणूस कॉम्प्युटर सुरू झाला की काम सुरू करत नाही. तो आधी मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबतो, ‘रिफ्रेश’ करतो, पुन्हा करतो, तिसऱ्यांदा करतो आणि मगच बैठक मारतो. फोनवर समोरचा माणूस बोलत असताना रिफ्रेश, विचार करताना रिफ्रेश, काहीच सुचत नसताना तर अखंड रिफ्रेश. त्याने कॉम्प्युटरचा वेग वाढतो, अशी ठाम श्रद्धा आहे. प्रत्यक्षात पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा मांडली जातात, बाकी काही होत नाही. आमच्या खजिनदारांनी उबुंटूच्या पडद्यावर उजवं बटण दाबलं. नवीन फोल्डर निघाला, पार्श्वभूमी बदला निघालं, टर्मिनल उघडा निघालं. रिफ्रेश निघेना. त्यांनी खालून वर, वरून खाली यादी वाचली. मग चष्मा काढला, पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “यात रिफ्रेश नाही. हा हँग होणार.” तो आजवर झालेला नाही, पण त्यांचा विश्वास अढळ आहे.

दुसरा आघात डी ड्राइव्हचा. सोसायटीचं सगळं दप्तर डी ड्राइव्हमध्ये असतं, कारण दुरुस्तीवाला येऊन ‘फॉरमॅट मारतो’ तेव्हा सी ड्राइव्ह जातो आणि डी वाचतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

“सी ड्राइव्ह कुठाय रे?” सेक्रेटरींनी विचारलं.

“काका, यात सी ड्राइव्ह नसतो.”

“बरं, मग डी दाखव.”

“डी पण नसतो. सगळं एका मुळातून निघतं. तुमचं सगळं होममध्ये.”

“होममध्ये कसं? ऑफिसचं आहे ना ते!”

मुलाने हे सांगताना उत्साहाच्या भरात एक काळी खिडकी उघडली. ते टर्मिनल. तिथे त्याने ‘सुडो’ने सुरू होणारी काहीतरी आज्ञा लिहिली आणि सेक्रेटरींना पासवर्ड टाकायला सांगितलं. सेक्रेटरींनी टाकला. पडद्यावर काही उमटेना, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. त्यांनी पुन्हा टाकला, मग एकेक कळ अंगठ्याने दाबून टाकला, मग कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून पोह्यातले दोन शेंगदाणे पडले. टर्मिनलमध्ये पासवर्ड मुद्दामच दिसू देत नाहीत. बाजूला उभ्या असलेल्याला तो किती अक्षरी आहे हेसुद्धा कळू नये, इतकी खबरदारी. आमचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला आहे, ही बाब ते बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

एक गोष्ट मात्र खजिनदारांना मनापासून आवडली. लिनक्स इंग्रजीतलं मोठं आणि छोटं अक्षर वेगळं मानतं. म्हणजे ‘हिशेब’ हे नाव इंग्रजीत एकदा कॅपिटलने आणि एकदा स्मॉलने सुरू करून लिहिलं, तर एकाच फोल्डरमध्ये, वरवर एकाच नावाच्या, दोन वेगळ्या फाइली सुखाने नांदतात. दोन फाइली, दोन ताळेबंद. हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते पाहून अंतर्गत लेखापरीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली.

आणि मग मराठी. गेल्या बारा-पंधरा वर्षांतल्या सगळ्या नोटिसा, इतिवृत्तं, थकबाकीदारांना पाठवलेली प्रेमपत्रं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली. अशा जुन्या फॉन्टांत आतमध्ये अक्षरं इंग्रजीचीच असतात, वरून त्यांना देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. नव्या यंत्रणेत तो फॉन्ट नव्हता. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ ही नोटीस उघडली, तर ‘सर्व’च्या जागी इंग्रजी एल, ओ आणि कॅपिटल झेड! पुढेही तसंच. अख्खं दप्तर क्षणात परभाषी झालं. अध्यक्ष म्हणाले, व्हायरस आहे. लेखापरीक्षक म्हणाले, सोय आहे. मुलाने फॉन्ट आणून बसवला आणि मजकूर परत आला. पण यावरचा कायमचा इलाज म्हणजे सगळं युनिकोडमध्ये करून घेणं. तो विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला आहे.

गंमत अशी, की मराठी टाइप करण्यासाठी सरकारने १९८० च्या दशकात ठरवून दिलेली इनस्क्रिप्टची कळपाटी विंडोजमध्येही तीच आहे आणि लिनक्समध्येही तीच. ‘क’ के वर, ‘ह’ यू वर. चाळीस वर्षांत ज्या कळांनी जागा सोडलेली नाही अशी ही एकमेव गोष्ट. ती कमिटीत कुणालाही येत नाही.

प्रिंटर मात्र लावल्याबरोबर चालला. सीडी नाही, ड्रायव्हर नाही, तंत्रज्ञाला फोन नाही. यामुळे सभेत कमालीचं संशयाचं वातावरण पसरलं.

अनुभवी मंडळींची ही गत झालेली असताना चौथ्या मजल्यावरच्या आजी मेंटेनन्सचा चेक द्यायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही, पण इंग्रजी शाळामास्तरणीचं. खजिनदार तेव्हा एक्सेलची फाइल लिबरऑफिसमध्ये सेव्ह करायला धडपडत होते. दर वेळी एक चौकट उघडायची, ते झटक्यात एंटर मारायचे आणि मग ‘फाइल बरोबर सेव्ह का होत नाही’ म्हणून कपाळाला हात लावायचे. आजी मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, ते तुम्हाला विचारतायत ना. जुन्याच प्रकारात ठेवू का आमच्या प्रकारात ठेवू, असं. तुम्ही उत्तरच देत नाही.”

सभागृहात शांतता. आजींनी विशेष काही केलं नव्हतं. पडद्यावर जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं होतं. आमच्या कमिटीत आजवर हे कुणी केलेलं नव्हतं. कॉम्प्युटर काही विचारायला लागला की ओके दाबून त्याचं तोंड बंद करायचं, हेच आम्ही सगळे क्लासात शिकून आलो होतो.

केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतायत. सीडॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने तर ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स काढलं. ‘बॉस’ सांगतो ते न ऐकण्याची सरकारी कार्यालयांची परंपरा मोठी असल्याने ते फारसं कुणी ऐकलेलं नाही. त्यावर जास्त बोलत नाही, सदराची जागा संपत आली.

वाचकहो, हा प्रसंग आज ना उद्या तुमच्याही ऑफिसात, बँकेत नाहीतर घरी येणार आहे. तेव्हा एवढं करा. एक पेन ड्राइव्ह घ्या आणि डी ड्राइव्हमधलं सगळं आजच त्यावर उतरवून ठेवा. लिनक्स घ्यायचंच असेल तर ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून, आतलं काहीही न पुसता आधी चालवून पाहता येतं, तसं चार दिवस पाहा. जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये करून घ्या. चौकट आली की वाचा. आणि ‘काका, एकदम सोपं आहे’ असं म्हणत जो कुणी दारात उभा राहील, त्याला बसवा, चहा द्या, पण माउस त्याच्या हातात देऊ नका. तो तुमच्याच हातात ठेवा आणि त्याला तोंडाने सांगू द्या.