दातवाले गुर्जी

शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही गुर्जींचं घर विचारलं, तर समोरचा उलट विचारतो, "कोणते गुर्जी? दातवाले का?" या नावामुळे अधूनमधून एखादा बाहेरगावचा पेशंट ठणकता गाल धरून गुर्जींच्या ओट्यावर येऊन बसतो. गुर्जी त्याला परत पाठवत नाहीत. पाणी देतात, डॉक्टरचा पत्ता सांगतात आणि जाता जाता पाच इंची दात त्याच्या तळहातावर ठेवतात. ठणका थांबतो की नाही माहीत नाही, कण्हणं मात्र थांबतं.

जमवणाऱ्या माणसांचा आमच्याकडे पूर्वीपासून तोटा नाही. निजामाचे हाली शिक्के डब्यात घालून ठेवणारे होते, जुनी कुलपं जमवणारे होते. एका पाटलांकडे तर हत्तीच्या अंबारीचा कडी-कोयंडा आहे, हत्तीचा पत्ता नाही. पुढे पोरं अमेरिकेला गेली, आईबाप सहा-सहा महिने तिकडे राहायला जाऊ लागले आणि मालही बदलला. कुणी फ्रिजला चिकटवायची चुंबकं आणतं, कुणी हॉटेलातल्या साबणाच्या वड्या. गुर्जींनी मेगॅलोडॉन आणला, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या एका राक्षसी शार्कचा दात.

त्याचं असं झालं. गुर्जींचा मुलगा नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेला. तिथे गेल्यावर पहिला आठवडा गुर्जींनी सूनबाईचा फ्रिज आवरला. दुसऱ्या आठवड्यात तो परत आवरायला घेतला, तेव्हा मुलाने त्यांना गाडीत घातलं आणि ऑरोरा नावाच्या एवढ्याशा गावात नेलं. तिथे फॉस्फेटची मोठी खाण आहे. तिच्यातून निघालेली माती जीवाश्मांच्या संग्रहालयासमोर ढिगाने ओतून ठेवतात; येईल त्याने उकरावं, सापडेल ते घरी न्यावं, पैसे नाहीत. गुर्जींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दिवस मावळेपर्यंत ते काही उठले नाहीत. शार्कचे नखाएवढे, तांदळाएवढे दात खिसाभर निघाले. मोठा मात्र निघाला नाही, तो मुलाने दुकानातून घेऊन दिला. त्याची किंमत गुर्जी माणूस बघून सांगतात. काकूंना सांगितलं, पोराने भेट दिली. हॉटेलात सांगतात, दहा क्विंटल सोयाबीन.

"सगळ्यांची पोरं पैसे धाडतेत," काकू म्हणतात, "आमच्याकडं दात."

पण वस्तू खरंच बघण्यासारखी आहे. चष्म्याच्या जुन्या डबीत, कापसाच्या गादीवर ती झोपलेली असते. रंग निळसर राखाडी. तो दाताचा मूळ रंग नव्हे. ज्या मातीत पडून राहिला तिच्यातल्या क्षारांचा. वरचं मूळ खडबडीत, दोन्ही बाजूंना फाकलेलं. मूळ आणि पातं जिथे मिळतात तिथे काळपट पट्टा. खाली तुळतुळीत पात्यावर उभ्या बारीक चिरा आणि दोन्ही कडांना एकसारखे दाते. त्या कडेवरून नख फिरवलं की करर्र आवाज येतो. हा आवाज गुर्जी प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. नख पाहुण्याचं.

मग तास सुरू होतो. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, घंटा वाजल्याशिवाय थांबायची सवय नाही, आणि आता घंटाही नाही. शार्कच्या अंगात हाड नसतं, सगळी कूर्चा. म्हणून एवढा मोठा जीव गेला तरी मागे राहतात ते दात आणि क्वचित मणके. दात जन्मभर पडतात आणि जन्मभर नवे येतात, एकेका शार्कचे हजारो. इथे गुर्जी आपल्या कवळीला हात लावून सृष्टीतल्या अन्यायावर दोन मिनिटं बोलतात. युरोपात हे दात सापडायचे तेव्हा लोकांना ते दगड झालेल्या जिभा वाटायच्या. विषावर उतारा म्हणून मोठी माणसं ते जवळ बाळगायची. 1666 साली इटलीतल्या लिव्होर्नोजवळ एक मोठा शार्क पकडला. त्याचं डोकं स्टेनो नावाच्या डॅनिश वैद्याने फाडून पाहिलं आणि पुढच्याच वर्षी लिहून टाकलं की बाबांनो, या जिभा नव्हेत, हे दात. "एक डोकं फाडलं अन् भूशास्त्राचा पाया पडला," गुर्जी सांगतात आणि समोरच्याच्या डोक्याकडे बघतात.

शौकिनांचा एक ठोकताळा आहे : दाताचा एक इंच म्हणजे मासा दहा फूट. "म्हणजे आपला पन्नास फूट," गुर्जी म्हणतात, "आपल्या लालपरीहून लांब." 'आपला' हा शब्द इथे मेगॅलोडॉनसाठी आहे. लालपरी नंतर येते, तीही वेळेवर नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण आणलेल्या दाताने माणसाचं समाधान होत नाही, त्याला स्वतःच्या शिवारातला हवा असतो. आता शिरूर अनंतपाळहून समुद्र कोणत्याही दिशेला धरा, रात्रभराचा प्रवास. पायाखाली सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मेगॅलोडॉन समुद्रात आला तो साधारण सव्वादोन कोटी वर्षांपूर्वी आणि संपला छत्तीस लाख वर्षांपूर्वी. आमचा दगड थंड होऊन चार कोटी वर्षं उलटल्यावर ज्याचा जन्म, त्याचा दात त्या दगडाच्या पोटात कसा असेल? हे मी गुर्जींना सांगितलं. ते म्हणाले, "तारखांचं सांगू नको. मी शिकवलेल्या तारखा पुस्तकात तीनदा बदलल्या."

भारतात शार्कचे असे जुने दात मिळतात ते कच्छात, ओडिशातल्या बारीपद्याला, जिथे जुन्या समुद्राचा गाळ उघडा पडला आहे. पण ज्येष्ठ नागरिकांची एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती असते. त्यामुळे गुर्जींचा समुद्र हद्दीच्या आत असणं भाग आहे.

म्हणून तालुक्यात कुठेही बोअरची गाडी उभी राहिली की गुर्जी हजर. हातात काकूंची गव्हाची चाळणी. बोअरमधून उडणारी राखाडी भुकटी ते चाळत बसतात. शेजारी नारळ फोडून, उदबत्ती लावून शेतकरी उभा. जमीन गहाण टाकून बोअर घेतलेला माणूस, त्याचा जीव टांगणीला. गेल्या उन्हाळ्यात एकाला राहवलं नाही.

"गुर्जी, आठशे फुटांवर पाणी लागंना झालंय, अन् तुमी मासा हुडकायलाव व्हय?"

"मासा असंल तर पाणी असणारच की," गुर्जी म्हणाले. त्या माणसाने क्षणभर आशेने चाळणीत पाहिलं. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात हे वाक्य बोलायला छाती लागते.

गुर्जींचा खरा आधार मात्र किल्लारी आहे. 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे 617 मीटर खोल बोअर घेतला. वरचा 338 मीटर काळा पाषाण संपला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर लागला आणि मग एकदम पायाचा अतिप्राचीन खडक. शास्त्रज्ञांनी त्या पायाच्या खडकाकडे लक्ष दिलं. गुर्जींनी आठ मीटरकडे. "आठ मीटर कमी असतंय व्हय?" तो गाळ लाव्ह्याच्याही आधीचा, म्हणजे शार्कच्या खापरपणजोबाच्या काळातला, पण ही झाली पुन्हा तारखांची गोष्ट.

आमच्या तालुक्यात उजेडला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गांधीबाबांची जत्रा भरते. महात्मा गांधींच्या नावाने भरणारी जत्रा, पाळणे-रेवड्यांसकट. एका वर्षी गुर्जींनी तिथे टेबल टाकून दात मांडला. शेजारी हाताने लिहिलेला फलक, वय, लांबी, वजन. दुपारपर्यंत पोरांनी कडेवर नखं फिरवून घेतली. गुर्जी चहाला गेले तेवढ्यात कुणीतरी दातावर हळदीकुंकू वाहिलं. मग कुणाला अंधश्रद्धेचा संताप यावा तर तो गुर्जींना. पण तोवर पुढ्यात सुट्ट्या पैशांचा ढीग झाला होता. गुर्जींनी आधी ते मोजले, संताप नंतर केला. पैसे शाळेच्या ग्रंथालयाला दिले, हे सांगितलं पाहिजे.

माझी तक्रार वेगळीच आहे. आमची घरणी ज्या मांजरेला मिळते, त्या मांजरेच्या खोऱ्यात, याच लातूर जिल्ह्यात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विजय साठ्यांसारख्या संशोधकांना हत्तींची आणि पाणघोड्यांची दगड झालेली हाडं-दात मिळालेले आहेत. पाणघोडा! डुंबायला बारमाही डोह लागणारं जनावर आणि आमची मांजरा! यावर माणसाने रात्ररात्र जागावं. गुर्जींना हे सांगितलं तर म्हणाले, "हत्ती व्हय. हत्ती तर मिरवणुकीत बी येतंय."

घराच्या बांधकामाला आणलेली वाळू गुर्जींनी अर्थातच चाळली होती. त्यात वरवंट्याएवढा, भलता जड, एका अंगाने ओळीने वळ्या असलेला दगड निघाला. त्रिकोणी नाही म्हणून त्यांनी तो टाकून दिला. काकूंनी उचलून आणला. वजन चांगलं आहे म्हणून कैरीच्या लोणच्यावर ठेवतात. हत्तीच्या दाढेला अशाच वळ्या असतात. तो दगड दाढच आहे असं मी म्हणत नाही. जाणकाराला दाखवूया म्हटलं, तर काकू म्हणाल्या, लोणचं मुरल्यावर.

तेव्हा मांजरा-घरणीच्या वाळूत तुम्हाला असा वळ्यांचा जड दगड दिसला, तर तो घासूपुसू नका, देव्हाऱ्यात ठेवू नका, लोणच्यावर तर नकोच. सापडला त्या जागेचा फोटो काढा आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्राच्या लोकांना नाहीतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. गुर्जींना कळवायची घाई करू नका. ते आधी विचारणार, त्रिकोणी आहे का.