माशा मारण्याचे शास्त्र

ट्राउट न धरता परत येणे हे येरागबाळ्याचे काम नाही. नुसता मासा न धरणे घरबसल्याही जमते, पण त्याला कोणी विद्या म्हणत नाही. विद्या म्हणायची तर आधी रजा काढायला हवी, श्रीनगर गाठायला हवे, मत्स्य विभागाचा परवाना घ्यायला हवा, नारानागहून पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढायला हवा, आणि मग हरमुख शिखराच्या पायथ्याशी गंगबल तलावात गुडघाभर उभे राहून, दिवसभर काठी हलवून, रिकाम्या हाताने तंबूत परतायला हवे. प्रस्तुत मार्गदर्शन त्या कष्टाळू नवशिक्यासाठी आहे. पहिल्याच दिवशी ज्यांना मासा मिळतो त्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्याशी आमचे जमत नाही.

निघण्यापूर्वी घरातून एक प्रश्न येतोच: "एवढ्या लांब कशाला? मुळशीला काय पाणी नाही?" याचे उत्तर पाठ करून ठेवावे. ट्राउटला थंड पाणी लागते. पाणी जितके गार तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या वर चढू लागले की ट्राउटचा जीव घाबरा होतो, त्यामुळे मे महिन्यातल्या मुळशीत त्याचे काय होईल ते सांगायला नको. गंगबल साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त. तिथे माशाचा जीव रमतो आणि आपला घाबरा होतो.

गंमत म्हणजे हा मासा काश्मीरचाही नव्हे. साहेबाला सुट्टीत करमेना म्हणून तो विलायतेहून मागवला गेला. १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेतच वाया गेली. १९०० साली स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती जगली, आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी त्या कारखान्यातच पिल्ले वाढवायला सुरुवात केली. म्हणजे आपण ज्याच्या मागे लागलो आहोत त्याचाही पहिला प्रयत्न फसलेलाच आहे. तलावाकाठी फार निराशा आली तर ही सनावळी मोठ्याने म्हणावी. सोबतचे लोक कंटाळून लांब जातात आणि जागा मोकळी होते.

साहित्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, ते महाग असते एवढेच. एक लवचीक काठी, एक रीळ, जाडसर रंगीत दोरी, तिच्या पुढे बारीक तंगूस आणि टोकाला माशी. माशी खरी नव्हे, गळावर पिसे, केस आणि रेशीम गुंडाळून केलेली. या माशांना रॉयल कोचमन, मार्च ब्राऊन, ग्रीनवेल्स ग्लोरी अशी खानदानी नावे असतात. दुकानदाराने "कौनसी दूँ?" असे विचारले की गोंधळू नये. डबीवर वाकून, भुवया जवळ आणून, "ऊपर हवा कैसी है?" असे उलट विचारावे. तो जी देईल ती घ्यावी. खरेदी झाल्यावर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून घ्यावा. यामुळे माशाला इजा कमी होते असे जाणकार म्हणतात. नवशिक्याला त्याचा खरा उपयोग असा की गळ स्वतःच्या कानाच्या पाळीतून विनासायास निघतो. टोपी आणि गॉगल यांना मात्र पर्याय नाही. हे थट्टेने लिहिलेले नाही.

आता मुख्य क्रिया, म्हणजे फेक. कोकणात खाडीवर गरवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी आपली विद्या नारानागलाच ठेवून वर यावे. तिथे गरीला शिसे असते. भिरकावली की जाते. इथे माशीला वजनच नाही, वजन आहे ते दोरीला, म्हणून फेकायची ती दोरी आणि माशी आपली तिच्या मागून जाते. काठी घड्याळाच्या एकच्या काट्यापर्यंत मागे न्यायची आणि थांबायचे. दोरी मागे हवेत सरळ ताणली जाईपर्यंत थांबायचे. मग दहाच्या काट्यापर्यंत पुढे आणून पुन्हा थांबायचे. सारे शास्त्र त्या मागच्या थांबण्यात आहे, आणि नेमके तेच मराठी माणसाला जमत नाही. सिग्नल हिरवा होण्याआधी गिअर टाकायची सवय दंडात उतरलेली असते. दोरी अजून मागे जात असतानाच आपण काठी पुढे ओढतो आणि डोक्यावर सटाक् असा चाबकाचा आवाज होतो. बघ्यांना हा आवाज फार कसबी वाटतो, तेव्हा चेहरा शांत ठेवावा. त्याचा अर्थ माशी तुटून गेली असा असतो. पुष्कळ नवशिके यानंतर अर्धा-पाऊण तास माशीविना तंगूस फेकत राहतात, आणि आमच्या पाहणीनुसार त्यांच्या मिळकतीत काहीच फरक पडत नाही.

फेक मागे गेल्यावर तिथे काय आहे हेही पाहावे. गवत असते, खडक असतो, सामान वाहणारे खेचर असते. खेचराच्या शेपटीत माशी अडकल्यास स्वतः सोडवायला जाऊ नये. घोडेवाल्याला हाक मारावी आणि तो येईपर्यंत डोंगराकडे पाहत राहावे.

माशी गेली म्हणजे नवी बांधणे आले. हा कार्यक्रम बोटे बधिर असताना करायचा असतो. तंगुसाचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवायचे, मूळ धाग्याभोवती पाच वेढे द्यायचे, टोक मागे आणून नेढ्याजवळच्या फटीतून घालायचे, थुंकीने गाठ ओली करायची आणि हळूहळू ओढायची. ओली करायची कारण कोरडा नायलॉन स्वतःवरच घासून तापतो आणि कमजोर होतो. तिसऱ्या वेढ्याला नाक गळायला लागते. चौथ्याला वारा येतो. पाचवा दिला की चौथा, हा वाद स्वतःशी घालत माणूस सगळे सोडून पहिल्यापासून सुरू करतो. एवढे करूनही गाठ सुटतेच. मग मासा ओढ देऊन गेल्यावर तंगुसाचे टोक निरखून पाहावे. ते डुकराच्या शेपटीसारखे कुरळे होऊन परत आले असेल तर गाठ सुटली, म्हणजे दोष आपला. सरळ तुटलेले असेल तर मासा मोठा होता. म्हणून नेलकटर नेहमी गळ्यात अडकवलेला असावा. कुरळा भाग कोणी पाहण्याआधी कापून टाकला की मासा आपोआप मोठा होतो.

वाऱ्याचे प्रकरण जरा अवघड आहे. तलावावर पडलेले किडे-मुंग्या वारा ज्या काठाकडे ढकलत नेतो त्या काठाशी मासे चरायला येतात. अर्थात माणसाने तिथेच उभे राहावे, तोंडावर वारा घेऊन. पण तोंडावर वारा असताना फेकलेली माशी तोंडावरच येते. पाठीवर वारा घेतला तर दोरी अशी झकास जाते की आपल्याला जन्मजात कसब असल्याचा भास व्हावा, मात्र तिथे मासे नसतात. नवशिक्याने दोन्ही काठांचा अनुभव घ्यावा. आपण या काठाला असताना पलीकडच्या काठावरचा अनोळखी इसम मासा काढत असतो, आणि दगडधोंडे तुडवत आपण तिकडे पोचेपर्यंत वारा फिरलेला असतो. ओढ्यातला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी राहतो. तलावातला फेऱ्या मारतो. एका जागी थांबलात तर तो केव्हातरी तुमच्यासमोरून जाईल, असे शास्त्र सांगते. पण दोन तासांत तो गेला नाही तर तिसऱ्या तासाला उठू नये, असे सांगणारे शास्त्र अजून निघायचे आहे.

काठाशी जाताना वाकून जावे, जमल्यास रांगत. पाण्याखालून माशाला वरचे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसते, आणि खिडकीबाहेर सगळा आरसा असतो. तुम्ही जितके खाली राहाल तितके त्या खिडकीच्या कडेला दबून दिसेनासे होता. लाल जॅकेट घालून खडकावर उभे राहून "अरे, काय पारदर्शक पाणी आहे!" असे ओरडलात, की तुमचे दर्शन माशांना सविस्तर घडते. पाय आपटण्याची थरथर त्यांना अंगावरच्या रेषेतल्या संवेदनेने वेगळी कळते. रांगत जाण्याचा तोटा एवढाच की आपल्या ग्रुपमधले काका फोटो काढतात.

संध्याकाळी सूर्य कड्याआड गेला की वारा पडतो, पाणी थिजल्यासारखे होते आणि त्यावर एकेक वर्तुळ उमटू लागते. ही वेळ सोडू नये. सगळ्या दिवसाचे पैसे इथे वसूल होतात. वर्तुळ म्हणजे मासा तिथे होता. नवशिका माशी अचूक वर्तुळाच्या मध्यावर टाकतो, मासा तोवर दोन हात पुढे दुसरे वर्तुळ काढत असतो. असे तास-दीड तास चालते. मासा आणि माणूस दोघेही रंगात येतात. आणि एकदा केव्हातरी, लक्ष खेचराकडे असताना, दोरीत एक बारीक ओढ येते. खणखणीत नव्हे, अगदी हलकी. ट्राउट माशी तोंडात घेऊन चव पाहतो आणि खोटी आहे हे कळले की थुंकतो. हे सारे क्षणार्धात उरकते, आणि अनुभवी माणूस तेवढ्यातच काठी अलगद वर उचलतो. नवशिका मात्र बादली विहिरीतून काढावी तेवढ्या ताकदीने हिसका देतो. क्षणभर पाण्याबाहेर सोनेरी-तपकिरी अंग वळताना दिसते, त्यावरचे लाल ठिपकेही दिसतात, आणि दोरी सैल होते. या वेळी जे तोंडातून निघते ते निघू द्यावे. आसपास मराठी मंडळी असण्याचा संभव फार, तेव्हा पट्टी जरा खालची ठेवावी.

याच वेळी घोडेवाल्याचा पुतण्या तिथे येतो. हा येतोच. वय बारा-तेरा, पायात प्लॅस्टिकचे बूट, हातात साधी काठी आणि चमकणारा एक स्पिनर. तो तुमच्या शेजारी उभा राहून पहिल्याच फेकीला मासा काढतो, तुमच्याकडे पाहून लाजतो आणि म्हणतो, "अंकल, आप बहुत अच्छा फेंकते हो. मछली उधर है." उधर म्हणजे जिथून तुम्ही दुपारी उठलात ते ठिकाण. त्याच्याशी स्पर्धा करू नये, दोस्ती करावी. त्याचा मासा हळद, मीठ, तिखट लावून राईच्या तेलात तळला जातो तेव्हा दोस्तांना एक तुकडा मिळतो, आणि बाकीच्यांना राजमा-चावल. आमच्या मते गंगबलचे खरे कसब या दोस्तीत आहे. हे पुस्तकांत लिहीत नाहीत. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ सालचे, पण त्यातही माशीने ट्राउट धरण्याचा सविस्तर भाग १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने लिहून दिला. वॉल्टनलाही दोस्त कामाला आलाच.

राहता राहिला खाली आल्यावर द्यायच्या जबाबाचा प्रश्न. हा तलाव बर्फ वितळल्यावर साधारण जुलै ते सप्टेंबरात गाठता येतो, आणि या काळात श्रावण येतो. ही निसर्गाने मराठी माणसाला दिलेली सवलत समजावी. "धरले हो, पण श्रावण होता, सोडून दिले." यावर आत्यासुद्धा काही बोलू शकत नाही. परवान्यावर दिवसाला किती मासे ठेवता येतील याची मर्यादा असते, तीही सांगून टाकावी आणि आपण ती काटेकोर पाळल्याचे नमूद करावे.

श्रावण संपल्यावर जाणाऱ्यांसाठी कोकरनागला सरकारी ट्राउट केंद्र आहे. खाली उतरल्यावर एक जादा दिवस काढून तिकडून मासा विकत आणता येतो आणि हातात धरून फोटोही काढता येतो. फक्त एवढे ध्यानात असू द्या: मत्स्यकेंद्रात पोसतात तो बहुतेक रेनबो ट्राउट, त्याच्या अंगावर गुलाबी पट्टा असतो. गंगबलचा ब्राऊन ट्राउट, त्याला लाल ठिपके. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी मासा नीट पाहून घ्या. गूगल करणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो.