आमचा ‘निरंक’ परत करा

प्रति,
समाजकार्य महाविद्यालयातून दर गुरुवारी आमच्या शाळेत येणाऱ्या ताई,
नागपूर.

विषय : शाळेची शांतता भंग केल्याबाबत.



तुम्ही येण्याआधी आमच्या तक्रार नोंदवहीत एकच शब्द होता. महिन्यामागून महिने, एकाच निळ्या शाईत, एकाच हस्ताक्षरात : निरंक. केंद्रप्रमुख आले, विस्तार अधिकारी आले, तपासणीचे पथक तर्री-पोहे खाऊन गेले. प्रत्येकाने त्या शब्दाखाली समाधानाने सही ठोकली. हे यश आपोआप मिळत नाही, ताई. त्याला नियोजन लागते. तक्रारपेटी आम्ही माझ्या दालनाच्या दाराशी लावली, बरोबर सीसीटीव्हीखाली, म्हणजे चिठ्ठी टाकणारे पोट्टे कोणाचे ते मला खुर्चीत बसल्या बसल्या दिसावे. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये. इतकी चोख व्यवस्था असूनही कोणी तक्रार केली नाही, यावरून शाळा किती सुरक्षित आहे ते तुम्हीच बघा.

नियमांचे म्हणाल तर आम्ही एकही सोडलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतले मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण पेटले, लोक रुळांवर उतरले आणि लगेच 21 तारखेला शासन निर्णय निघाला : महिनाभरात कॅमेरे बसवा, पेटी लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, काही अनुचित घडले तर 24 तासांत कळवा. कॅमेरे बसवले. घडलेच काही नाही, त्यामुळे कळवण्याचा प्रश्न आला नाही. मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती तर 2022 च्याच आदेशाची. तिची नावे आम्ही ऑइल पेंटने भिंतीवर रंगवली. त्यातल्या पालक सदस्य बाईंना आपण समितीवर आहोत हे तुम्ही सांगितल्यावर कळले. मुळात सांगायची गरज काय होती?

बाहेरचे उपक्रम आम्हाला नवे नाहीत. आमच्याकडे एक व्यक्तिमत्त्व विकासवाले सर येत. कोट, प्रोजेक्टर, स्वतःचे बॅनर. मुलांना दोन तास टाळ्या वाजवायला लावत, सगळ्यांना प्रमाणपत्रे देत आणि शाळेला फोटोंचा संच. तपासणीच्या फाइलीत त्या फोटोंनी एक अख्खा टॅब भरला होता. जानेवारी 2025 मध्ये हुडकेश्वर पोलिसांनी एका समुपदेशकाला अटक केली. शिबिरे आणि समुपदेशनाच्या नावाखाली वर्षानुवर्षे विद्यार्थिनींचे शोषण केल्याचा आरोप. तेव्हा आमचे लिपिक घाबरून आमच्या सरांचे कागद शोधू लागले. माणूस वेगळा होता, देवाची कृपा. पण कागद म्हणून सापडला तो फक्त शाल-श्रीफळाचा फोटो. ओळखपत्र नाही, पत्ता नाही, मोबाइल नंबरही बॅनरवर वाचावा लागला. यात आमचे काय चुकले? बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांत पडताळणी कर्मचाऱ्यांची सांगितली आहे, कायम असो की कंत्राटी. हे तर पाहुणे. पाहुण्याला आपल्याकडे नारळ देतात, पोलीस ठाण्यात पाठवत नाहीत.

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी महाविद्यालयाचे पत्र, ओळखपत्र आणि पोलीस पडताळणीचा दाखला घेऊन आलात. कोणी मागितला होता? वर अट घातलीत की वर्गशिक्षिका तास संपेपर्यंत वर्गात बसतील, एकट्या मुलाशी बंद दाराआड कोणी बोलणार नाही, म्हणजे तुम्हीसुद्धा नाही. आमच्या जोशीबाईंचा तोच वेळ पेपर तपासायचा होता. आणि मुलांचे फोटो काढू दिले नाहीत! ताई, फोटो नाही म्हणजे कार्यक्रम झालाच नाही. फाइलीत काय लावू?

मग तो तास. अंगावरच्या कपड्यांवरून केलेला नकोसा स्पर्शही गुन्हाच, हे सातवीच्या मुलींना इतक्या स्पष्टपणे सांगायची घाई काय होती? आपल्याच सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला 19 जानेवारी 2021 ला वेगळे वाटले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला तो 18 नोव्हेंबरला. जिथे न्यायसंस्थेला दहा महिने लागले, तिथे तुम्ही 35 मिनिटांत उरकलेत. वर मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर मुलींकडून तीनदा म्हणवून घेतलात.

पुढच्या सोमवारी शिपाई म्हणाला, “सर, पेटीत काहीतरी हाये.” मला वाटले चॉकलेटचा कागद. निघाल्या दोन चिठ्ठ्या. एक गणिताच्या वहीचे चौकटीचे पान : ‘मुलींच्या बाथरूमची कडी तुटली आहे. आम्ही दोघी दोघी जातो, एक दार धरते.’ दुसरी त्याहून छोटी, नाव नसलेली : ‘व्हॅनवाले काका मला सगळ्यात शेवटी सोडतात. मला पुढे बसायचं नाही.’

मी म्हणालो, व्हॅन शाळेची नाही, पालकांनी ठरवलेली आहे. आपण आधी समिती नेमू, समिती अहवाल देईल, मग संस्थाचालकांशी बोलू. तुम्ही शांतपणे म्हणालात, “सर, चौकशी पोलिसांचं काम. आपलं काम कळवणं. पॉक्सोच्या कलम 19 ला नुसती शंकाही पुरते.” आणि हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडपले तर संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते, हेही जाता जाता सांगितलेत. 22 वर्षांच्या पोरीने 56 वर्षांच्या मुख्याध्यापकाला!

आता माझी खरी अडचण ऐका. नोंदवहीत दोन नोंदी आल्या. कडी बसली, तिची पावती डकवली आहे. व्हॅनवाला बदलला आणि आधीच्याचा जबाब ठाण्यात आहे. पण पथक येईल तेव्हा शेजारच्या शाळेत ‘निरंक’ आणि माझ्याकडे दोन! शेरा कोणाला वाईट मिळेल, सांगा. इंग्लंडमध्ये म्हणे तपासनीस थेट मुलांमध्ये जाऊन विचारतात, बाहेरून येणाऱ्यांची कशी खात्री करता तेही बघतात. आपल्याकडे 2025 मध्ये याच नागपूर विभागात पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बनावट करून त्यांवर शेकडो शिक्षकांचे पगार निघत असल्याचे उघड झाले. ते सगळे कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हजेरीत, तपासणीत असणारच. ज्या यंत्रणेला अख्खा बनावट शिक्षक दिसत नाही, तिला चौकटीच्या कागदावरची चिठ्ठी म्हणजे शाळेचे लक्ष होते याचा पुरावा वाटावा, अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू?

तेव्हा नम्र विनंती. एक तर तुम्ही पथकाला भेटून त्यांना समजावा की दोन नोंदी ‘निरंक’पेक्षा बऱ्या असतात, तुम्हाला कलमे पाठ आहेत, तुमचे ऐकतील. नाही तर तपासणीपुरती तेवढी किल्ली तरी परत मिळवून द्या. तुमच्या सूचनेवरून ती समितीच्या त्या पालक सदस्य बाईंकडे दिली आहे. पेटीही त्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवायला लावली. किल्ली त्या पदराला बांधून फिरतात, आणि परवा मागितली तर म्हणाल्या, “काऊन सर? शनिवारी या, सगळ्यांसमोर उघडू.”

कळावे,
आपला विश्वासू,
मुख्याध्यापक