दुसऱ्याच्या शेतातून ताशी ऐंशी

पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. उजव्या अंगठ्याखाली ॲक्सिलरेटर, डाव्या मुठीत ब्रेक. अंगठा दाबला की स्नोमोबाइल सुटते. गिअरची कटकट नाही, क्लचची भानगड नाही. पळवायला शिकण्यासाठी दहा मिनिटं पुरतात. थांबवायला शिकण्यासाठी किती लागतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटात हे विचारलं जातं. १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे स्नोमोबाइलसाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे पोरासोरांनाच नाही, पन्नाशीला टेकलेल्या बाप्यांनाही. 'मी लहानपणापासून चालवतोय' हे उत्तर चालत नाही. लहानपणापासून चुकीचं चालवणारेही खूप असतात.

नियम म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. पण हे नियम एकदा जवळून बघा. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाच्या तरी अपघाताने लिहिलेली आहे.

रस्ता ओलांडण्याचंच घ्या. मिनेसोटाचा कायदा सांगतो: आधी पूर्ण थांबा, येणाऱ्या वाहनांना जाऊ द्या, मग काटकोनात सरळ पलीकडे. तिरपं कापायचं नाही. एवढं काटेकोर कशाला?

कारण ही गाडी डांबरावर गाडी राहतच नाही. वळण घेता येतं ते स्कीखालचे पोलादी कंगोरे बर्फात रुततात म्हणून. डांबरात ते रुतणार कसे? ठिणग्या उडतात. रबरी पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांना गार ठेवायचं आणि वंगण पुरवायचं काम बर्फच करतो. बर्फ नसला की त्या तापतात, झिजतात, वितळतात. हँडल वळतं, गाडी नाकासमोर जाते.

तिरपं गेलात की डांबरावरचं अंतर वाढतं. आपल्या हुकमात नसलेल्या गाडीवर तुम्हाला चार सेकंद जास्त कशाला हवेत?

चौदा वर्षांखालच्या मुलांनी तर राज्याचा किंवा काउंटीचा रस्ता ओलांडायचाच नाही. अंगठा दाबता येतो म्हणून समोरून येणाऱ्या ट्रकचा वेग थोडाच कळतो!

आता रस्त्याकडेचे चर. पावसाळी पाणी वाहून जायला खणलेले हे खोलगट पट्टे हिवाळ्यात बर्फाने भरतात आणि स्नोमोबाइलची वाट होतात. पण चराच्या तळातून किंवा बाहेरच्या उतारावरून. रस्त्याकडच्या उतारावरून नाही, डांबराच्या कडेवरून तर नाहीच. आणि अंधार पडला की वाहतूक ज्या दिशेने, त्याच दिशेने.

हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. रात्री उलट्या बाजूने चरातून दिवा येताना दिसला की मोटार चालवणाऱ्याला वाटतं, समोरून गाडी येतेय आणि आपणच चुकीच्या बाजूला आहोत. तो बिचकतो आणि स्टिअरिंग फिरवतो. स्नोमोबाइलवाला सुखरूप घरी पोचतो. मोटारीतले पोचतीलच असं नाही.

वेगमर्यादा? मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि पाण्यावर ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. आकडा ऐकायला मवाळ वाटतो. हिशोब करा. सेकंदाला २२ मीटर. अंधारात पुढे काहीतरी दिसलं, मेंदूने ते ओळखलं, बोटांनी ब्रेक आवळला. गेला दीड सेकंद. म्हणजे ३३ मीटर गेले.

आणि ब्रेक तर आत्ता कुठे लागतोय.

पुढचं घसरणं वेगळंच. दिव्याचा झोत संपतो त्याच्या पलीकडे चालवणारा आंधळा असतो. झोतात थांबता येणार नसेल तर तो वेग अंधाराचा नाही, हे सांगायला पोलीस कशाला लागतो? मर्यादा म्हणजे 'एवढ्याच्या वर नको'. 'एवढं हवंच' असा तिचा अर्थ कुणी लावला?

सीमेपलीकडे कॅनडाच्या ओंटारिओत वाटांवर, वेगळी पाटी नसेल तर, ताशी ५० किलोमीटर. ज्या रस्त्यावर मोटारींनाच ५० ची मर्यादा, तिथे स्नोमोबाइलला २०. फिनलंडमध्ये जमिनीवर ६०, गोठलेल्या तळ्यावर ८०. गाडी तीच, बर्फही तोच, मग आकडे वेगळे का?

कारण जागा वेगळी. तळ्यावर दूरवरचं दिसतं. जंगलात झाड वळणाआड असतं. गावात झाडाच्या जागी माणूस असतो.

म्हणूनच मिनेसोटाच्या कायद्याने शहरांना आणि काउंटींना स्वतःचे नियम करायची मुभा दिली आहे. अनेक गावं सांगतात: घरापासून वाटेपर्यंत सगळ्यात जवळच्या रस्त्याने जा, हळू जा, रात्री अमुक वाजल्यानंतर गावात फिरू नका. राजधानीत बसून हे कुणाला सुचलं असतं? कुठल्या गल्लीत म्हातारी माणसं राहतात आणि कुठल्या वळणावर शाळेची बस थांबते, हे गावालाच ठाऊक.

नॉर्वेची सुरुवातच उलटी. १९७७ च्या कायद्याने माळरानावर, डोंगरावर मोटारवाहन मुळात मना. नुसत्या हौसेसाठी वाटा आखायचा अधिकार तिथल्या नगरपालिकांना मिळाला तो थेट २०१५ मध्ये. तोही ठरावीक वाटांपुरता. आधी बंदी आणि मग विचार करून परवानगी. आपल्याकडे आधी परवानगी, मग अपघात, मग बंदी.

गोठलेल्या तळ्याचं सांगायलाच हवं. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं स्नोमोबाइलसाठी ५ ते ७ इंच जाडीचा नवा, पारदर्शक बर्फ सुचवतं. त्याच दमात हेही बजावतं की कुठलाच बर्फ शंभर टक्के भरवशाचा नसतो. वर भुसभुशीत हिम साचलं की ते थंडी अडवतं आणि खालचा थर जाड होतच नाही. ओढा तळ्याला मिळतो तिथे तर तो पातळच. वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. काल गाडी गेली म्हणून आज जाईल, ही खात्री कुणी दिली?

आणि दारू. लांबच्या वाटेवर बार लागतात, थंडी असते, गाड्या बाहेर रांगेत उभ्या असतात. मिनेसोटात स्नोमोबाइलवरही रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा मोटारीइतकीच, ०.०८ टक्के. पण मोटारीचा परवाना गेलेला माणूस स्नोमोबाइलवर बसला तर?

२०१८ च्या जानेवारीत मिनेसोटात हेच झालं. गोठलेल्या तळ्यावर घरच्यांबरोबर मासेमारीला आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला दारू प्यायलेल्या स्नोमोबाइलवाल्याने उडवलं. त्याचा मोटारीचा परवाना आधीच रद्द झालेला होता. मूल गेलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून कायदा बदलला. आता कुठल्याही वाहनावर दारू पिऊन दोषी ठरलेल्याला वर्षभर स्नोमोबाइलही बंद.

फट अशी बुजते. प्रश्न एवढाच की त्यासाठी मूल का जावं लागतं?

हे यंत्र तर मुळात जीव वाचवायला हवं होतं. क्यूबेकमधल्या वॅल्कूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या मेकॅनिकचा लहानगा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात अपेंडिक्स फुटून दगावला. रस्ते बर्फाने बंद, इस्पितळात न्यायचं कसं? बाप बर्फावरच्या गाडीमागे आणखी जिद्दीने लागला. १९३७ मध्ये त्याच्या चक्र-पट्ट्याच्या रचनेला पेटंट मिळालं. १९५९ मध्ये त्याची 'स्की-डू' ही हलकी स्नोमोबाइल बाजारात आली. मुलाला इस्पितळात नेता आलं नाही म्हणून ज्याने जीव तोडून काम केलं, त्याच्या यंत्रावरून आज मुलं इस्पितळात जाणार असतील तर दोष यंत्राचा म्हणायचा?

हेल्मेटचं बघा. मिनेसोटात सार्वजनिक जागी ते सक्तीचं आहे, पण १८ वर्षांखालच्यांनाच. मिशिगनमध्ये स्वतःची खासगी जमीन सोडली तर सगळ्यांना. यात मिशिगनचंच बरोबर. अठरावा वाढदिवस झाला म्हणून कवटी टणक होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या वाटा कुणाच्या?

मिनेसोटात स्नोमोबाइलच्या वाटा सुमारे २२ हजार मैलांच्या, म्हणजे ३५ हजार किलोमीटरच्या. बहुतेकांची निगा स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. रात्री यंत्र घेऊन बर्फ दाबतात, सपाट करतात, नारिंगी पाट्या रोवतात. दाबलेला बर्फ घट्ट बसायला काही तास थंडी लागते. तेवढाही दम न धरता त्यावरून गाड्या दामटणारे असतातच. शिवाय ते रुंद, संथ यंत्र वळणाआड उभं असू शकतं, हे भरधाव येणाऱ्याच्या गावीही नसतं.

आणि जमीन? शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक वाटा खासगी मालकीच्या जमिनीतून जातात. व्हर्मॉन्टमध्येही तेच. शेतकरी हिवाळ्यापुरती वाट देतो. तो तुमचा कोण लागतो? कुणीच नाही. तरी देतो.

मग एखादा बहाद्दर पाटी सोडून शेतात घुसतो. पातळ बर्फाखाली हिवाळी गहू असतो, चाऱ्याचं पीक असतं. रबरी पट्टा ते चिरडून जातो. बहाद्दर दोन मिनिटांत दिसेनासा होतो. शेतकरी वसंतात ते बघतो आणि पुढच्या वर्षी परवानगी देत नाही. एका शेतात वाट तुटली की मागचे-पुढचे कित्येक मैल निरुपयोगी. एकाची हौस झाली, गावाची वाट गेली.

म्हणून ही शिस्त दंडाच्या पावतीवर टिकत नाही. ती टिकते जमीनमालकाच्या होकारावर. हे ज्यांना कळलं, त्यांनी कायद्यात नसलेल्याही रीती पाळल्या. समोरून दुसरा गट आला की पुढचा चालक हात वर करून बोटांनी दाखवतो, माझ्या मागे अजून इतके आहेत. शेवटचा मूठ दाखवतो, माझ्यामागे कुणी नाही. अरुंद वळणावर त्या बोटांमुळे जीव वाचतात. हे कुठल्या सरकारने शिकवलं?

सरकारने जागं व्हायचं ठरवलं तर काय होतं, तेही बघा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एकेकाळी स्नोमोबाइलचा इतका धूर साचायचा की २००२ मध्ये पश्चिम प्रवेशद्वारावरच्या रेंजरना श्वसनाचे मास्क वापरावे लागले. राष्ट्रीय उद्यानात! आज तिथे कमी धुराच्या, कमी आवाजाच्या ठरावीक गाड्याच चालतात, ताशी ३५ मैलांच्या आत, बहुतेक परवानाधारक वाटाड्याबरोबर. वाटाड्याशिवाय जायचं तर सोडतीत नाव निघावं लागतं. बर्फ बघायला माणसं तरीही येतातच. नियमाने पर्यटन बुडतं, ही ओरड नेमकी कोण करतो?

आता आपल्याकडे या. हिवाळ्यात गुलमर्ग आणि सोलंगला मराठी कुटुंबांची रीघ असते. भाड्याच्या 'स्नो बाइक'वर बसल्याशिवाय सहल पुरी होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याची व्याख्याच रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनाची. बर्फाच्या उतारावरची गाडी त्या चौकटीत चपखल बसत नाही. मग तिथली जबाबदारी स्थानिक प्रशासनाची, भाड्याने देणाऱ्याची आणि बसणाऱ्याची.

बसणारे काय करतात? फोटो छान यावा म्हणून पाच वर्षांच्या पोराला पुढ्यात घेतात. त्याचा हात नेमका कुठे येतो? ॲक्सिलरेटरवर. 'भैया, जरा जोरात घ्या' हे वर. त्याच उतारावर स्की शिकणारी माणसं, घसरगाडीवरची मुलं आणि सेल्फी काढणारी आपलीच मावशी.

कोकणातल्या किनाऱ्यावर भाड्याच्या वॉटर स्कूटर पोहणाऱ्यांच्या अंगावरून जातात तेव्हा आपण चिडतो. बर्फावर गेलो की ते सगळं विसरतो का?

मागण्या फार नाहीत. गाड्यांची वाट वेगळी, चालणाऱ्यांची वेगळी, मध्ये दोरी किंवा पाट्या. प्रत्येक डोक्यावर मापाचं हेल्मेट. चालकाच्या जॅकेटला अडकवलेली सुरक्षादोरी, म्हणजे तो पडला की इंजिन बंद. अंधारानंतर फेऱ्या बंद. यातलं काय परवडत नाही?

प्रशासन करेल तेव्हा करेल. तोवर या हिवाळ्यात बसण्याआधी चालकाला तीनच प्रश्न विचारा. हेल्मेट कुठे आहे? इंजिन बंद करणारी दोरी कुठे अडकवायची? आपण जातोय त्या वाटेवर पायी माणसं आहेत का? उत्तर गुळमुळीत आलं तर उतरा. दिलेले पैसे बुडाले तर बुडू द्या, आणि पोर रडलं तर रडू द्या.